करंजावरच्या किड्याचं बारसं

“वर्षाच्या आत एक नवी जात शोधून दाखवली नाही, तर नाव सांगणार नाही उत्तरेश्वर घोगरे,” असं उत्तरेश्वर घोगऱ्यांनी सोसायटीच्या वार्षिक सभेत उभं राहून जाहीर केलं, तेव्हा विषय चालला होता पाण्याच्या टाकीचा.

“आहेत त्या जाती कमी पडतायत का?” सेक्रेटरी बाळ मराठे म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

आता उत्तरेश्वरांची बाजूही ऐकून घ्या. माणूस मूळचा धाराशिवकडचा, पाटबंधारे खात्यात उभी हयात गेलेली, कोथरूडला येऊनही केस पांढरे व्हायचे ते झालेले. निवृत्त झाल्यावर लोक टेकडीवर जातात, हास्यक्लबात जातात, फारच झालं तर पेटी शिकतात. यांनी कीटकशास्त्राचा कोर्स केला. दर शनिवारी, कर्वेनगरच्या एका संस्थेत. शेवटी प्रमाणपत्र मिळालं, ते फ्रेम करून हॉलमध्ये लागलं, आणि त्या दिवसापासून घोगऱ्यांच्या घरात साधी मुंगी मारायची तरी आधी साहेबांची परवानगी लागू लागली.

पण नव्या जातीचं वेड नुसतं मिरवायला नव्हतं. लग्नात त्यांनी बायकोला, म्हणजे सुनीतीताईंना, शब्द दिला होता की पुण्यात बंगला बांधीन आणि त्यावर तुझं नाव घालीन. बंगला काही झाला नाही. फ्लॅट झाला, पण इमारतीला बिल्डरने आधीच स्वतःच्या आईचं नाव देऊन ठेवलं होतं. ही गोष्ट उत्तरेश्वरांच्या मनाला लागली होती, अगदी खोलवर लागली होती. आणि कोर्समध्ये त्यांना कळलं की नवी जात ज्याला सापडते, त्याने तिचं रीतसर वर्णन लिहून छापलं की नाव ठेवायचा मान त्याचा. स्वतःचं नाव ठेवायची पद्धत नाही, पण बायकोचं चालतं. आणि एकदा ठेवलेलं नाव जगबुडीपर्यंत राहतं. बिल्डरच्या आईला इतकी खात्री कोणी दिलेली नाही.

तर असे हे उत्तरेश्वर गळ्यात भिंग अडकवून सोसायटीच्या आवारात फिरायचे. कुंड्या उचलून बघायचे, पाइपाखाली वाकायचे. नव्या भाडेकरूंना ते प्लंबर वाटायचे. आणि एका सकाळी पार्किंगच्या कोपऱ्यातल्या करंजाच्या झाडावर त्यांना तो दिसला. अंगठ्याच्या नखाएवढा, बिनपंखांचा, नारिंगी, गुबगुबीत, वर पिठीसाखर भुरभुरल्यासारखा किडा. घरात होती नव्हती ती पुस्तकं त्यांनी पालथी घातली. कुठल्याच चित्राशी तो जुळेना. उत्तरेश्वरांनी त्याला अलगद दह्याच्या रिकाम्या डबीत उतरवलं.

“अगं, इकडे ये जरा. तुझं काम झालं.”

सुनीतीताई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, माहेर पेठेतलं. त्यांनी डबीत वाकून पाहिलं.

“हा माझा बंगला?”

“आता हा जगभर तुझ्या नावाने ओळखला जाणार.”

“जाडा आहे.”

“भरदार म्हण.”

“लोकांना सांगताना म्हणा भरदार. मला खरं सांगितलंत तरी चालेल,” सुनीतीताई म्हणाल्या आणि कुकर लावायला निघून गेल्या. पण संध्याकाळी त्यांनी बहिणीला फोन लावून सगळं सांगितलं, तेही दोनदा. बाल्कनीत उभ्या उत्तरेश्वरांना ते दोन्ही वेळा ऐकू आलं.

इथवर सगळं सुरळीत होतं. घोटाळा असा होता की हा किडा दिवसभर झाडाचा रस पितो आणि प्यायलेल्यातला बराचसा खाली सोडून देतो. करंजाखाली स्कूटर लावल्या की संध्याकाळपर्यंत त्यांच्या सीट पाकातून काढल्यासारख्या व्हायच्या. एकजण ऑफिसला पोचल्यावर स्कूटरवरून उठेचना, असं म्हणतात. तक्रारी झाल्या, आणि व्हॉट्सॲपवर सेक्रेटरींचा संदेश आला: येत्या रविवारी करंजावर औषध फवारणी होईल, खिडक्या लावून घ्याव्यात.

उत्तरेश्वरांनी संदेश दोनदा वाचला. अख्ख्या जगात ही जात या एकाच झाडावर असेल तर? एका किड्यावरून लिहिलेलं वर्णन कच्चं मानतात, चांगले दहा-वीस नमुने लागतात, पुढे कोणाला शंका आली तर झाडावर तो दाखवावा लागतो. फवारणी झाली की सुनीतीताई नावासकट संपल्या. ते तडक खाली मराठ्यांच्या दारात जाऊन उभे राहिले.

बाळ मराठे म्हणजे विमा कंपनीतून निवृत्त झालेले ब्रह्मचारी गृहस्थ. दार अर्धंच उघडायचे, पाहुण्याला बसायची सवय लागू नये म्हणून.

“मराठे, फवारणी थांबवा. झाडावर नवी जात आहे.”

“नवी आहे तोवरच मारावी. जुनी झाली की समितीवर येते.”

“अहो, शास्त्राचा प्रश्न आहे.”

“स्कूटरचा पण आहे. शास्त्रज्ञांनी त्यावर बसून दाखवावं.”

“या जातीला नाव मिळणार आहे. कायमचं. जगभर.”

मराठ्यांचा दारावरचा हात थांबला. “कोणाचं?”

आता इथे सरळ उत्तर द्यायचं की नाही? पण दार मिटायला लागलं होतं, आणि उत्तरेश्वरांच्या तोंडून काय निघालं ते त्यांना स्वतःलाही निघाल्यावर कळलं. “तुमचं,” ते म्हणाले.

मराठ्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग सोसायटीच्या इतिहासात पहिल्यांदाच ते दार पूर्ण उघडलं.

“मराठे की बाळ?”

“बाळ. शास्त्रात सुटसुटीत लागतं.”

“हं. आमचं नाव पुढे लावणारं तसं कोणी नाही,” मराठे खाली बघत म्हणाले. “किडा तर किडा.”

“पण एवढ्यात कोणाला सांगू नका. बारशाआधी नाव फोडत नाहीत.”

“मी कोणाशी बोलतो कशाला?” मराठे म्हणाले, आणि ते खरंच होतं.

तासाभरात ग्रुपवर संदेश आला: फवारणी रद्द. करंजावरील किडे शास्त्रीय आहेत. पायाखाली घेऊ नयेत. अंगावर पडल्यास अलगद झाडाकडे परत करावेत. उत्तरेश्वरांनी सुटकेचा श्वास सोडला आणि चहा मागितला. चहा यायच्या आत इंटरकॉम वाजला. चेअरमनबाईंनी वर बोलावलं होतं.

चेअरमन म्हणजे प्रेमलाताई आगाशे. एका बालवाडीच्या संचालिका होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि बालवाडी बंद झाल्यावर सोसायटीच बालवाडीसारखी चालवायला घेतलेली. त्यांचं आणि मराठ्यांचं क्लब हाऊसच्या किल्लीवरून एकदा वाजलं, तेव्हापासून चेअरमन आणि सेक्रेटरी एकमेकांशी बोलत नव्हते. सोसायटीचा कारभार वॉचमन सुखदेवमार्फत चालायचा. सभेतसुद्धा शेजारी बसून “सुखदेव, त्यांना म्हणावं ठराव मांडा,” असं चालायचं.

“घोगरे, फवारणी रद्द करणारे हे कोण?” प्रेमलाताईंनी विचारलं. “चेअरमन मी आहे. फवारणी होणार, आणि रविवारपर्यंत थांबायचीही गरज नाही. उद्याच होईल.”

“ताई, नका हो. नवी जात आहे.”

“ते मी वाचलं. मला आधी विचारलं असतं तर मीही रद्द केली असती. आता करणार नाही.”

एकदा जी थाप लागू पडली, ती दुसऱ्यांदा मारायला माणसाला फार वेळ लागत नाही.

“मला तर त्याला तुमचं नाव द्यायचं होतं,” ते म्हणाले.

प्रेमलाताई खुर्चीत सावरून बसल्या. “माझं?”

“प्रेमला. लॅटिनमध्ये तर काय सुंदर होतं ते. पण बारसं होईपर्यंत...”

“बारसं,” प्रेमलाताई म्हणाल्या. “करूच आपण. रविवारी सकाळी, क्लब हाऊसमध्ये. बालवाडीतला पाळणा आहे माझ्याकडे. घुगऱ्या मी करते. कोणीतरी मोठं माणूस बोलवा पाहुणं म्हणून. सेक्रेटरींनाही सुखदेवकडून निरोप देते, त्यांना कळू दे.”

झालं. किडा एक, नावं तीन, आणि बारशाचा मुहूर्तसुद्धा निघाला. उत्तरेश्वर घरी आले आणि न बोलता जेवले. सुनीतीताईंनी विचारलं, “आमटी बिघडलीय का?” तर म्हणाले, “नाही, माझीच.”

पुढचे दोन दिवस माणूस करंजाखालीच होता. तीन नावं द्यायची तर तीन किडे हवेत, एवढं साधं गणित. आणि काय सांगू, नशीब असं की त्याच फांदीवर आणखी दोन निघाले. एक लालसर, सडपातळ, काळपट पंखांचा, सारखा उडायच्या तयारीत. दुसरा अगदी लहान, गुलाबी, नाजूक, तुरुतुरु चालणारा. पुस्तकात हेही नव्हते. एका झाडावर तीन नव्या जाती! उत्तरेश्वरांनी झाडाच्या बुंध्याला हात जोडले. मग वाटणी केली. मोठा भारदस्त किडा प्रेमलाताईंना. उडता मराठ्यांना. गुलाबी नाजूक सुनीतीला.

“अहो, माझा आधी मोठा होता ना?” सुनीतीताई म्हणाल्या.

“तो तुला शोभत नव्हता.”

“जाडा म्हटलं तेव्हा भरदार होता.”

“हा बघ किती गोड आहे.”

“गोड आहे,” सुनीतीताईंनी मान्य केलं. “पण तुम्ही काहीतरी लपवताय. पेन्शनचं काम अडलं की अश्शीच चष्म्याच्या डबीची उघडझाप करायचात.”

पाहुण्या म्हणून त्यांनी डॉ. प्रियदर्शनीला बोलावलं. ती कोर्सची शिक्षिका, वयाने मुलीसारखी, किड्यांच्या बाबतीत तिचा हात कोणी धरायचा नाही. आता तुम्ही विचाराल, तिलाच आधी दाखवून घ्यायचं की नाही? पण या धंद्यात ज्याचं वर्णन आधी छापून येतं त्याचं नाव लागतं, हे उत्तरेश्वरांनी वहीत लाल शाईने लिहून घेतलं होतं. दाखवलं आणि कोणी आधी छापलं म्हणजे? त्यांनी तिला नुसतं “छोटा घरगुती कार्यक्रम आहे” असं सांगितलं.

रविवारी क्लब हाऊस भरलं. मधोमध फुलांच्या माळा लावलेला पाळणा, पाळण्यात दह्याच्या तीन डब्या, प्रत्येकीला वरून जाळीचं कापड. मराठे इस्त्रीचा झब्बा घालून एका टोकाला, प्रेमलाताई पैठणी नेसून दुसऱ्या टोकाला, आणि दोघांच्या चेहऱ्यावर अगदी सारखं हसू. दाराशी सुखदेव निरोपांसाठी उभा. बायकांनी डब्या रीतीप्रमाणे पाळण्याच्या वरून-खालून फिरवल्या. आत्याचा मान पाहुणीला दिला. प्रियदर्शनी बिचारी जळगावची, तिला वाटलं दीपप्रज्वलन असेल. ती डबीवर वाकली आणि कुर्र म्हणायच्या आत तिच्या पाठीत दहाबारा धपाटे बसले.

उत्तरेश्वरांनी एकेक नाव जाहीर केलं. आधी प्रेमला. मराठ्यांचं हसू गेलं. मग बाळ. प्रेमलाताईंचं गेलं. मग सुनीती. सुनीतीताईंना यात हसण्यासारखं आधीपासूनच काही वाटत नव्हतं.

“जाती तीन आहेत,” उत्तरेश्वर घाईघाईने म्हणाले, “आणि मान तिघांचा आहे. लेख तयार आहे, उद्या पाठवणार. आता आपल्या डॉक्टर मॅडम दोन शब्द बोलतील.”

प्रियदर्शनी पाठ चोळत टेबलाशी गेली. तिथे सूक्ष्मदर्शक होता. तिने पहिली डबी पाहिली, दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. मग पुन्हा पहिली.

“काका, हे कुठे मिळाले?”

“आपल्याच करंजावर.”

“तिन्ही?”

“एकाच फांदीवर. म्हणजे बघा, झाड किती समृद्ध आहे.”

“झाड आहेच समृद्ध. पण काका, या तीन जाती नाहीत. ही एकच आहे.”

“एक कशी? हा बिनपंखी, हा पंखवाला, हे गुलाबी.”

“बिनपंखी मोठी आहे ती मादी. पंखवाला तिचा नर. यांच्यात नर आणि मादी एकमेकांसारखे दिसतच नाहीत. आणि हे गुलाबी म्हणजे त्यांचं पिल्लू.”

हा भाग कोर्समध्ये शिकवून झाला होता. त्या शनिवारी उत्तरेश्वर भाच्याच्या लग्नाला लातूरला गेले होते.

क्षणभर कोणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मग मागच्या रांगेतून हसू सुरू झालं आणि पुढे सरकत आलं. कोणीतरी मोठ्याने जुळवून पाहिलं, “म्हणजे मराठेकाका आणि प्रेमलाताई... आणि घोगरेकाकू त्यांची...” आणि मग पाळण्याभोवतीच्या बायकांना बसावं लागलं.

मराठे कानापर्यंत लाल झाले. प्रेमलाताई मात्र शांत होत्या. त्यांनी प्रियदर्शनीला विचारलं, “या नराबद्दल आणखी काय माहिती आहे?”

प्रियदर्शनीला सोसायटीचं राजकारण ठाऊक नव्हतं. तिने वर्गात सांगावं तसं सांगितलं. “पूर्ण वाढ झालेल्या नराला तोंडच नसतं.”

“मग हे आमचे सेक्रेटरी नव्हेत,” प्रेमलाताई म्हणाल्या.

“आणि मादीबद्दल काय माहिती आहे?” मराठ्यांनी विचारलं.

“मादी एकदा जागा धरून बसली की फारशी हलत नाही. बसल्या जागेवरून रस शोषत राहते.”

“चेअरमनपदाची इतकी स्पष्ट व्याख्या आपल्या उपविधीतसुद्धा नाही,” मराठे म्हणाले. आणि हे त्यांनी प्रेमलाताईंकडे तोंड करून म्हटलं, सुखदेवकडे नाही. सुखदेव दारात नोकरी गेल्यासारखा उभा राहिला.

“जात नवी असू शकते,” प्रियदर्शनी सांगत होती. “मी तरी अशी पाहिलेली नाही. पण संग्रहालयातले जुने नमुने ताडून बघावे लागतील, वर्षभर तरी झाडावर लक्ष ठेवावं लागेल. तीन जाती म्हणून लेख पाठवला असतात ना काका, तर लोकांनी वर्षानुवर्षं उदाहरण म्हणून शिकवला असता. आणि हो, एका जातीला नाव एकच राहतं. यातलं एक ठेवा.”

हसणं थांबलं. सगळ्यांच्या माना उत्तरेश्वरांकडे वळल्या. एका बाजूला सेक्रेटरी, दुसऱ्या बाजूला चेअरमन. यातल्या कोणाचंही नाव वगळलं तरी संध्याकाळपर्यंत औषधाचा पंप झाडाखाली येणार हे नक्की. आणि पाळण्याशेजारी सुनीतीताई, हातात घुगऱ्यांची वाटी धरून, नवऱ्याकडे बघत. त्या काही मागत नव्हत्या. तेच उत्तरेश्वरांना सोसवेना.

“नाव सुनीतीचं,” ते म्हणाले. “पहिला शब्द तिला दिला होता. तुम्हा दोघांना मी फवारणीच्या भीतीने थाप मारली. आता काय करायचं ते करा.”

“म्हणजे आम्हाला बनवलंत,” मराठे म्हणाले.

“हो.”

“दोघांनाही?” प्रेमलाताईंनी विचारलं.

“दोघांनाही.”

मराठ्यांनी प्रेमलाताईंकडे पाहिलं. प्रेमलाताईंनी मानेनेच खिडकीकडे खूण केली. आणि इतक्या वर्षांनी सोसायटीचे सेक्रेटरी आणि चेअरमन मध्ये वॉचमन न घेता खिडकीपाशी जाऊन बोलत उभे राहिले. काय बोलले ते कोणाला ऐकू आलं नाही. मध्ये एकदा प्रेमलाताई हसल्या, एवढं मात्र सगळ्यांनी पाहिलं. सुनीतीताई उत्तरेश्वरांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी घुगऱ्यांची वाटी नवऱ्याच्या हातात दिली. “खा,” त्या म्हणाल्या, “किडा छान आहे माझा.”

मराठे परत आले. “निर्णय लेखी कळवण्यात येईल,” म्हणाले, आणि दोघं आपापल्या घरी गेले.

तो निर्णय सोमवारी सकाळी कळला. करंजाच्या बुंध्यालाच पाटी टांगलेली होती:

“या झाडावर फवारणी होणार नाही. हे आमच्या मुलीचं माहेर आहे. स्कूटर चिकट झाल्यास ऑफिसात तक्रार आणू नये. आमचे घरजावई श्री. घोगरे रोज सकाळी सात वाजता सर्व स्कूटर पुसून देतील.”

खाली दोन सह्या होत्या, सेक्रेटरी आणि चेअरमन, शेजारी शेजारी.

उत्तरेश्वर धावत वर आले. “अगं, पाटी वाचलीस? घरजावई म्हणतात मला.”

सुनीतीताईंनी बादली भरून ठेवलेलीच होती. त्यांनी तिच्यात फडकं टाकलं आणि बादली नवऱ्याच्या हातात दिली.

“बाबांची आधी पुसा,” त्या म्हणाल्या. “ते लवकर बाहेर पडतात.”